उघडी नोंदवही

जुन्नरच्या डोंगरांतील लेणी ज्यांनी डोळसपणे पाहिली असतील, त्यांना तेथील शिलालेखांची ओळख निराळी करून द्यावयास नको. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री या डोंगरांतून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे दगडात खोदलेली आहेत. कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी भोजनमंडप दिला. आपणांस यवन म्हणविणाऱ्या दात्यांचीही नावे त्यांत आहेत. ही नावे इतकी शतके टिकली याचा आपल्याला अभिमान वाटतो व तो यथार्थच आहे, कारण ती ज्याची त्याने स्वखुशीने कोरविली होती. परंतु त्याच जुन्नरात, नारायणगावात, ओतूरात, किंवा शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील मंचर-घोडेगावात वाचनालयाचा एखादा सभासद पुस्तक काखोटीस मारून घरी जातो, तेव्हा त्याचेही नाव कोठेतरी नोंदविले जाते. ते नाव तेथे किती काळ राहावे, कोणाच्या दृष्टीस पडावे, कोणी मागितले तर द्यावे की न द्यावे, हे त्या सभासदाला कोणी विचारलेले नसते. आणि ज्याने विचारावयाचे, त्या ग्रंथपालालाही त्याविषयी कोणी काही सांगितलेले नसते. या न विचारलेल्या व न सांगितलेल्या गोष्टीसाठी आज आम्ही पहिल्या पानावरील ही जागा खर्ची घालीत आहोत.

पहिल्या पानावर बोलण्याजोगा हा विषय आहे काय, असे कोणी म्हणेल. आमच्या मते आहे. केंद्र सरकारने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम राजपत्रात प्रसिद्ध केले. कायद्याची मुख्य बंधने लागू होण्यापूर्वी तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्याच्या निमित्ताने बँका, दवाखाने, दूरध्वनी कंपन्या यांच्याविषयी पुष्कळ चर्चा झाली. मात्र ज्या संस्थेत माणूस आपले मन घेऊन जातो, त्या ग्रंथालयाची कोणास फारशी आठवण झाली नाही. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा हजारांच्या आसपास आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने त्यांना मान्यता व अनुदान दिले, अ, ब, क, ड असे वर्ग ठरविले, तपासणी ठरविली. पुस्तकांची काळजी त्या व्यवस्थेने वाहिली. वाचकाच्या मनाची काळजी वाहण्याचे काम मात्र अद्याप राहूनच गेले आहे.

लहान वाचनालयातील देवघेवीची नोंदवही कशी असते ते आमच्या वाचकांना ठाऊक असेलच. टेबलावर एक लांबलचक वही उघडी पडलेली असते. तारीख, सभासद क्रमांक, नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, सही, असे तिचे रकाने. आपण आपल्या ओळीत सही करावयास वाकलो की वरच्या वीस ओळी आपोआप वाचून होतात. पाटलांच्या सूनबाईंनी काय नेले, निवृत्त मामलेदार काय वाचतात, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा मुलगा कोणत्या परीक्षेच्या तयारीला लागला आहे, हे सारे त्या वीस ओळींत असते. त्यात भर म्हणून आता सभासद होताना आधारपत्राची झेरॉक्स घेतात, ती एका फायलीत पडून राहते. पुस्तक परत करण्यास उशीर झालेल्यांची नावे पुस्तकांच्या नावांसकट व्हॉट्सॲपच्या गटावर जाहीर होतात. यांत कोणाचा दुष्ट हेतू नसतो. बिचारा ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर झाडलोटीपासून हिशेबापर्यंत सर्व कामे करीत असतो, आणि वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली रीत चालवीत असतो. पण रीत जुनी आहे एवढ्याने ती निर्दोष ठरत नाही.

शहरातील वाचकाला हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पुण्यासारख्या नगरीत हजारोंच्या गर्दीत आपण कोण आणि काय वाचतो, याची कोणास पर्वा? तालुक्याच्या गावी मात्र तसे नसते. तेथे ग्रंथपाल हा आपला शेजारी असतो, कार्यकारी मंडळाचे चिटणीस आपल्या चुलत्यांचे मित्र असतात, आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती बसलेल्या मंडळींना आपल्या तीन पिढ्या माहीत असतात. अशा गावात एखाद्या भगिनीला घटस्फोटाच्या कायद्यावरील पुस्तक हवे असेल, तर ती काय करील? कर्जाने गांजलेल्या एखाद्या शेतकऱ्याला मनाच्या आजाराविषयी काही वाचावेसे वाटले, तर तो कोणाच्या देखत ते पुस्तक मागेल? वयात येणाऱ्या मुलीला आपल्याच शरीराविषयी चार शब्द समजून घ्यावयाचे असतील, तर? बापजाद्यांच्या श्रद्धेविषयी शंका आलेल्या तरुणाला एखादा खंडनात्मक ग्रंथ चाळावयाचा असेल, तर? या प्रश्नांचे उत्तर एकच आहे: ही माणसे वाचनालयाची पायरी चढणार नाहीत. ज्यांना पुस्तकाची निकड सर्वांत अधिक, त्यांनाच उघडी नोंदवही दारातून परत पाठविते. आणि जे आलेच नाहीत त्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नसल्यामुळे हा तोटा तपासणीत कधी दिसतही नाही.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. या खुर्चीत येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही एका शाळेत मास्तर होतो. शाळेच्या ग्रंथालयाची वही एके दिवशी चाळताना आमच्या ध्यानी आले की, गणितात सदा मागे असणारा नववीतील एक मुलगा एकामागून एक रहस्यकथा नेत आहे. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्याला उभे करून आम्ही त्याच्या वाचनाची थट्टा केली. वर्ग हसला, तोही ओशाळे हसला. आमचा हेतू चांगला होता. पोराने अभ्यासाला लागावे, एवढाच. पण त्या दिवसानंतर ग्रंथालयाच्या वहीत त्याचे नाव पुन्हा कधी आले नाही, आणि गणितातही तो पुढे गेला नाही. आम्ही त्याला छडी मारली नव्हती, दंड केला नव्हता, पुस्तक हिसकावून घेतले नव्हते. तो काय वाचतो हे केवळ चारचौघांत बोललो होतो. तेवढ्याने एक वाचक आम्ही कायमचा गमावला. त्या वेळी ही आमची चूक आहे असे आम्हांस वाटले नाही. वाटावयास बरीच वर्षे जावी लागली.

एका मुलाची गोष्ट म्हणून कोणी ती सोडून देईल. तेव्हा सर्वांच्या आठवणीतील एक प्रसंग सांगतो. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाचे शिवछत्रपतींवरील पुस्तक २००३ साली निघाले. त्यातील काही मजकुराने महाराष्ट्राचे मन दुखावले. ज्यांच्या जन्माने शिवनेरीचा खडक पावन झाला त्यांच्याविषयीचा तो मजकूर असल्याने दुखावणे स्वाभाविकही होते. परंतु पुढे जे घडले ते लाजिरवाणे होते. लेखकाने ऋणनिर्देशात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचा व येथील काही विद्वानांचा उल्लेख केला होता. तेवढ्या आधारावर डिसेंबर २००३ मध्ये एका संस्कृत पंडिताच्या तोंडास काळे फासण्यात आले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी संस्थेवर जमाव चालून गेला. पोथ्या, ग्रंथ, कपाटे यांची नासधूस झाली. संस्थेचा अपराध कोणता? आलेल्या अभ्यासकास तिने ग्रंथ दाखविले, हा. ती नावे लेखकाने स्वतःच छापली होती, हे खरे. पण कोणी कोणाला कोणता ग्रंथ दिला, एवढी माहिती संतप्त जमावाच्या हाती पडल्यास काय होते, याचा धडा पुण्याला त्या दिवशी मिळाला. उद्या तशीच गर्दी एखाद्या तालुक्याच्या वाचनालयासमोर उभी राहिली आणि अमुक पुस्तक गेल्या दहा वर्षांत कोणकोणी नेले ते दाखवा म्हणाली, तर ग्रंथपालाने काय करावे? वही समोरच उघडी असेल तर त्याच्या धैर्याचाही उपयोग होणार नाही.

जमावाचे राहू द्या. प्रत्यक्ष न्यायालयांतही पुस्तकांचा प्रश्न येऊन गेला आहे. पुण्यातील एल्गार परिषदेच्या खटल्यात आरोपींच्या घरी सापडलेली पुस्तके हा ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात चर्चेचा विषय झाला होता. त्याच खटल्यातील दोघा आरोपींना २८ जुलै २०२३ रोजी जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य जरी असले, तरी ते केवळ जवळ बाळगणे हा स्वतः गुन्हा ठरत नाही. त्या खटल्याच्या गुणदोषांत आम्हांस शिरावयाचे नाही. परंतु हे एवढे स्पष्ट होण्यासाठी आरोपींना किती वर्षे तुरुंगात काढावी लागली, ते ध्यानात घेतले म्हणजे वाचनाची नोंद ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे कोणी म्हणणार नाही. इंग्रजी अमदानीत सावरकरांचा सत्तावनच्या समरावरील ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंदीस पात्र ठरला होता आणि तरीही तो हातोहात फिरला. त्या हातांची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणूनच तो फिरला.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार पूर्वीच केला आहे. अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने १९३९ साली आपल्या आचारसंहितेत वाचकाविषयी मिळालेली माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले. तेथील गुप्त पोलिसांनी परकीय हेरांच्या शोधात ग्रंथालयांतून वाचकांची चौकशी चालविल्याचे १९८७ मध्ये उघडकीस आले, तेव्हा ग्रंथपालांनीच त्याविरुद्ध आवाज उठविला. २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्यानंतर, २००५ साली कनेक्टिकट राज्यातील चौघा ग्रंथपालांना वाचकांची माहिती देण्याचा व त्याविषयी कोठेही न बोलण्याचा हुकूम मिळाला. ते न्यायालयात गेले आणि २००६ साली सरकारला माघार घ्यावी लागली. ही माणसे क्रांतिकारक नव्हती. पुस्तकांवर शिक्के मारणारी, आपल्या ग्रंथपालांसारखीच साधी माणसे होती. त्यांच्यापाशी एक लिखित नियम होता, आणि त्या नियमाचा आधार घेऊन त्यांना नाही म्हणता आले. आपल्या ग्रंथपालापाशी सौजन्य आहे, चारित्र्य आहे. नाही म्हणण्यासाठी लागणारा कागद तेवढा नाही.

कोणी म्हणेल, नवा कायदा आला आहे, तो पाहून घेईल. आम्हांस तसा भरवसा वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले. २०२३ चा कायदा त्याच वाटेवरचा पुढील टप्पा आहे. माहिती कशासाठी घेतो ते सांगावे, त्याच कामापुरती ती वापरावी, काम संपताच पुसावी, ही त्याची तत्त्वे उत्तम आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. परंतु तो कायदा संगणकातील किंवा पुढे संगणकात घातलेल्या माहितीपुरताच आहे. टेबलावरच्या कागदी वहीला त्याचा हात पोहोचत नाही. म्हणजे वाचनालय आधुनिक होईल तेव्हा वाचकाला संरक्षण, आणि तोवर वही सर्वांना मोकळी! शिवाय शासनाच्या यंत्रणांना त्या कायद्यात सवलतीही मोठ्या आहेत. तेव्हा दिल्लीच्या कायद्याकडे डोळे लावून बसण्यापेक्षा प्रत्येक वाचनालयाने आपले नियम आपणच करणे श्रेयस्कर. ग्रंथालयाची सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा भरते. एका पानाचा ठराव तेवढ्या वेळात होऊ शकतो.

त्या एका पानात काय असावे? पहिली गोष्ट, पुस्तक सभासदाकडे असेपर्यंतच त्याच्या नावाशी त्या पुस्तकाची सांगड असावी; पुस्तक परत आले की ती सांगड तुटावी. हे स्वप्नरंजन नव्हे. जुन्या ग्रंथपालांना ब्राउन पद्धत परिचित आहे. तीत सभासदाच्या नावाचे छोटे पाकीट असते आणि पुस्तकात एक चिठ्ठी असते. पुस्तक नेताना चिठ्ठी पाकिटात घालून ते परतीच्या तारखेनुसार पेटीत लावतात. पुस्तक परत आले की चिठ्ठी पुस्तकात आणि पाकीट सभासदाच्या हातात. मागे काही उरत नाही. संगणक नसतानाही ज्या पद्धतीने वाचकाची लाज राखली, ती सोडून आपण लांबलचक वही धरून बसलो. जेथे कोहासारखी संगणकप्रणाली आली आहे, तेथे जुन्या देवघेवीतून सभासदाचे नाव काढून टाकण्याची सोय तीतच आहे. ती वापरावी एवढेच.

दुसरी गोष्ट, सभासद होताना नाव, पत्ता, दूरध्वनी व अनामत याखेरीज काही मागू नये. ओळखपत्र पाहावे आणि परत द्यावे, त्याची प्रत ठेवू नये. तिसरी, थकलेल्या पुस्तकाची आठवण ज्याची त्यालाच द्यावी, गटावर जाहीर करू नये. चौथी, पोलीस वा अन्य अधिकारी माहिती मागू लागल्यास तोंडी विनंतीवर काही दाखवू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमान्वये न्यायालयाचे समन्स किंवा ठाणे-अंमलदाराचा लेखी हुकूम लागतो. तो अध्यक्षांपुढे ठेवावा, वकिलाचा सल्ला घ्यावा आणि हुकमात असेल तेवढेच द्यावे. पाचवी, आपल्या नावावर काय नोंदले आहे ते पाहण्याचा व चुकले असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क प्रत्येक सभासदास असावा. सहावी, हा नियम मोठ्या अक्षरांत दारापाशी लावावा आणि दर वार्षिक सभेत त्याचे काय झाले ते विचारावे. कारण न विचारलेला नियम कपाटातल्या न वाचलेल्या पुस्तकासारखा धूळ खात पडतो.

आक्षेप अनेक येतील. पुस्तके हरवतील, हा पहिला. पण पुस्तक बाहेर असेतोवर नोंद राहणारच आहे. परत आलेले पुस्तक हरवत नसते. अनुदानाच्या तपासणीला दप्तर दाखवावे लागते, हा दुसरा. तपासणीला दररोजच्या देवघेवीचा आकडा, सभासदसंख्या व पुस्तकांचा हिशेब पुरेसा व्हावा; अमक्याने तमके वाचले, ही जोडी अनुदानाला कशाला हवी? ग्रंथालय संचालनालयाने हे एका परिपत्रकाने स्पष्ट केल्यास गावोगावचे ग्रंथपाल दुवा देतील. मुलांचे काय, हा तिसरा व खरोखर अवघड आक्षेप आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेताना पालकांची संमती नव्या कायद्याने आवश्यक केली आहे, आणि सभासदत्वापुरती ती योग्यच आहे. परंतु संमती देणे निराळे आणि मुलाने वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी मागणे निराळे. ज्या बापाला मुलाचे वाचन जाणून घ्यावयाचे आहे, त्याने मुलाशी बोलावे. ग्रंथपालाला हेर करू नये. हे आम्ही आमच्या त्या नववीतील विद्यार्थ्याला स्मरून लिहीत आहोत.

जुन्या नोंदवह्यांचे काय करावे, हा चौथा प्रश्न इतिहासप्रेमी मंडळी विचारतील. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज काय वाचीत, हे सांगणारी वही म्हणजे संशोधकाला सोन्याची खाण, हे आम्हांस मान्य आहे. तेव्हा ज्या वहीतील माणसे हयात असण्याचा संभव नाही ती जपावी, अभिलेखागाराकडे सोपवावी. हयात माणसांच्या वह्या मात्र हिशेबतपासणी होताच सभेच्या ठरावाने नष्ट कराव्यात. आणि ‘आम्ही काही वाईट वाचीत नाही, मग लपवावे कशाला?’ असे म्हणणाऱ्यांना आमचा एवढाच प्रश्न आहे की, आपण घराच्या खिडकीला पडदा लावता तो घरात चोरीचा माल असतो म्हणून काय? झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्या आजीबाई म्हणत. वाचकाच्या मुठीत काय आहे हे न विचारण्याचा शहाणपणा त्यांच्या ग्रंथपालाने दाखवावा, एवढेच आमचे मागणे.

१८४८ साली पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने ग्रंथसंग्रह उघडला, तेव्हा चार पुस्तके एकत्र ठेवून ती लोकांच्या हाती देणे हेच धाडस होते. पुढच्या पिढ्यांनी ते काम खेड्यापाड्यांत नेले. भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाडीवस्तीतली मुलगी घोडेगावी येऊन पुस्तक मागू शकते, हे त्या पिढ्यांचे उपकार आहेत. तिने कोणते पुस्तक मागितले ही गोष्ट तिच्यापाशी व त्या पुस्तकापाशी राहू देणे, हे आपल्या पिढीचे काम आहे. त्यासाठी इमारत नको, निधी नको, मंत्र्यांचे उद्घाटनही नको. एक पान कागद आणि ते पाळण्याचा निश्चय एवढे पुरे. जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील वाचनालयांच्या चालकांनी येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावा आणि जिल्ह्यातील इतरांना वाट दाखवावी, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे. दात्यांची नावे लेण्यांच्या दगडावर खुशाल राहोत. वाचकाचे नाव मात्र पुस्तक परत येताच वहीतून पुसले जावे.